निष्ठा दोघांची, न्याय तिसऱ्याचा



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने गुंडांच्या कादंबऱ्यांवर का बोलावं, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर आत्ताच दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही तीसेक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. न्याय म्हणजे काय हे सांगताना प्लेटो सांगितला, कांट सांगितला, आणि मुलं शांतपणे वहीत उतरवून घेत राहिली. पण एकदा एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर विचारलं, "सर, न्यायाचं ठीक आहे. पण 'गॉडफादर'मधल्या डॉनचं नेमकं चुकतं कुठे? तो तर दिलेला शब्द पाळतो." आम्ही काहीतरी उत्तर दिलं. कायदा हातात घेऊ नये, वगैरे. त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर आमचंही झालं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे, असं समजा.

आपण दोन पुस्तकं समोर ठेवणार आहोत. एक सगळ्यांना ठाऊक असलेलं, मारियो पुझोचं 'द गॉडफादर', 1969 सालचं. दुसरं त्याच्या आठ वर्षं आधीचं, 1961 सालचं. लिओनार्दो शाशा नावाच्या सिसिलीतल्या शाळामास्तराने लिहिलेलं, इंग्रजीत 'द डे ऑफ द आउल' म्हणून आलेलं, म्हणजे 'घुबडाचा दिवस'. पहिलं जाडजूड आहे, दुसरं एका बैठकीत वाचून होतं. दोन्हींचा विषय माफिया. पण निष्ठा आणि न्याय यांचं नातं दोघांनी अगदी उलट बाजूंनी पाहिलं आहे.

आधी पुझो. कादंबरी डॉनपासून सुरू होत नाही, ती न्यायालयात सुरू होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहात नाही. अमेरिगो बोनासेरा हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा इटालियन माणूस न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात बसला आहे. दोन तरुणांनी त्याच्या मुलीवर हात टाकायचा प्रयत्न केला, तिने विरोध केला म्हणून तिचा जबडा मोडला. न्यायाधीश त्या दोघांना रागावतात, शिक्षा सुनावतात आणि लगेच ती स्थगित करतात. मुलं चांगल्या घरातली आहेत ना! ती हसत बाहेर पडतात. आयुष्यभर अमेरिकेच्या कायद्यावर विश्वास ठेवलेला बाप तिथल्या तिथे ठरवतो, की न्याय हवा असेल तर आता डॉन कॉर्लिओनीच्या पायाशी जायला हवं.

बघा, लेखकाने काय केलं. पहिल्या दोन-तीन पानांतच आपल्याला त्या बापाच्या बाजूला बसवलं. आता पुढे डॉन जे काही करील, त्याला आपली संमती आधीच मिळालेली आहे.

मग डॉनच्या मुलीच्या लग्नाचा दिवस येतो. बाहेर मांडवात गाणं-बजावणं चालू आहे आणि आत अंधाऱ्या खोलीत डॉन लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आहे. बोनासेरा त्या मुलांचा जीव मागतो. डॉन म्हणतो, तो न्याय होणार नाही, तुझी मुलगी जिवंत आहे. म्हणजे प्रमाणाचं भान डॉनला आहे, न्यायाधीशाला नव्हतं! बोनासेरा पैसे किती द्यायचे ते विचारतो आणि तिथे डॉन दुखावतो. त्याची तक्रार साधी आहे: माझी बायको तुझ्या मुलीची धर्ममाता, पण तू इतकी वर्षं मला टाळलंस, मला तुझ्या घरी कॉफीला बोलावलं नाहीस, तुला माझं मिंधेपण नको होतं. आता आलास तो भाडोत्री मारेकरी ठरवल्यासारखा. शेवटी बोनासेरा मान झुकवतो, त्याला 'गॉडफादर' म्हणतो, आणि काम होतं. ती दोन मुलं पुढे चांगली फोडून काढली जातात आणि आपण वाचक मनातल्या मनात टाळी वाजवतो. आम्हीही वाजवली होती. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पण या सौद्यात बोनासेराने मोल काय दिलं? पैसे दिले नाहीत. दिला तो एक कोरा धनादेश. कधीतरी, कशासाठीतरी, मी सांगीन ते तू करशील. न्यायालयात दाद मागायला आपण जातो तेव्हा न्यायाधीशाचे उपकार डोक्यावर घेऊन बाहेर पडत नाही. निकाल आपल्या बाजूने लागला तरी त्याला नमस्कार करायला दिवाळीला जावं लागत नाही. तो आपला हक्क असतो. डॉनकडे मिळते ती कृपा. कृपा मिळायला आधी त्याचं व्हावं लागतं. जो त्याचा नाही, त्याच्या मुलीचा जबडा मोडला तरी त्या खोलीचं दार उघडणार नाही.

इथे आम्हाला प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा पहिला भाग आठवतो. पोलेमार्कस नावाचा तरुण तिथे म्हणतो, मित्राचं भलं करणं आणि शत्रूचं वाईट करणं म्हणजे न्याय. डॉन कॉर्लिओनी हा पोलेमार्कसचाच धडधाकट वंशज आहे! सॉक्रेटिस त्याला विचारतो: मित्र कोण हे ओळखण्यात तुझी चूक झाली तर? आणि कोणाचंही वाईट करणं हे न्यायी माणसाचं काम असू शकतं का? त्याच संवादात पुढे सॉक्रेटिस आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. दरोडेखोरांच्या टोळीलासुद्धा आपसात थोडाफार न्याय पाळावाच लागतो, नाहीतर दरोडासुद्धा नीट घालता येणार नाही. तेव्हा टोळीच्या आत इमान असतं, हे काही टोळी चांगली असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. दरोडा व्यवस्थित पडावा म्हणून लागणारी ती सोय आहे.

अमेरिकेतच जोसाया रॉइस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने 1908 साली निष्ठेवर एक सबंध पुस्तक लिहिलं. रॉइसला निष्ठा फार प्रिय. निष्ठेशिवाय माणसाच्या आयुष्याला आकार येत नाही, असं तो म्हणतो आणि ते खरं आहे. पण तोही अडतो या टोळीपाशीच. टोळीतला माणूस निष्ठावान असेल, पण त्याची निष्ठा दुसऱ्यांच्या निष्ठा उद्ध्वस्त करून उभी असते. कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप त्यात मारला जातो. म्हणून रॉइस कसोटी देतो ती 'निष्ठेशी निष्ठा' अशी. तुझ्या इमानामुळे जगातलं एकूण इमान वाढतं की घटतं, ते बघ.

ही कसोटी लावून 'गॉडफादर' पुन्हा वाचलं, की एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. या जाडजूड कादंबरीत कॉर्लिओनी कुटुंबाचे पैसे कुठून येतात हे सांगितलं आहे, पण ते ज्यांच्याकडून येतात ती माणसं जवळजवळ नाहीतच. जुगारात घर बुडालेला हमाल नाही, हप्ता देणारा दुकानदार नाही. मारले जातात ते बहुतेक दुसरे गुंड, लाचखाऊ पोलीस, घरचे गद्दार. म्हणजे लेखकाने हिशेबाच्या वहीचं एकच पान आपल्यासमोर उघडं ठेवलं आहे.

एकाच ठिकाणी त्याच्याकडून दुसरं पान उलटलं गेलं आहे, आणि पुझोच्या प्रामाणिकपणाची आम्हाला तिथे कदर वाटते. लुका ब्राझी हा डॉनचा सर्वात निष्ठावान माणूस. मायकेल सिसिलीत लपलेला असताना फिलोमेना नावाची म्हातारी सुईण त्याला लुकाची हकिगत सांगते. आपल्या नवजात मुलाला भट्टीत टाकायला लुकाने तिलाच भाग पाडलं होतं. ती भेदरून डॉनकडे गेली. डॉनने काय केलं? तिला गप्प राहायला सांगितलं, प्रकरण सांभाळलं आणि लुकाला कायमचा आपला करून घेतला. मित्रहो, निष्ठेची ती सुप्रसिद्ध इमारत कशावर उभी आहे, ते इथे कळतं. बोनासेराच्या मुलीला न्याय देणारा हाच माणूस, आणि एका तान्ह्या जिवाचा खून पदरी घेऊन त्यातून इमानी चाकर मिळवणाराही हाच. त्या मुलाच्या बाजूने लग्नाच्या दिवशी गाऱ्हाणं घेऊन येणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. 1972 च्या चित्रपटात हा प्रसंग नाही. त्यामुळे ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला, त्यांच्या मनातला डॉन अधिकच सोज्वळ राहिला.

आता आमचा मुद्दा एका वाक्यात सांगतो. निष्ठेला दोन माणसं पुरतात. न्यायाला तिसरा लागतो. मी आणि माझा मित्र, मी आणि माझा धनी, एवढ्यात निष्ठा पूर्ण होते. न्यायाचा प्रश्न उभा राहतो तो ज्याचं आपल्याशी काही नातं नाही अशा तिसऱ्या माणसापाशी. त्याचं काय? हा प्रश्न ज्या घरात विचारता येत नाही, तिथे प्रेम असेल, जिव्हाळा असेल, न्याय नसतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. खाल्ल्या मिठाला जागणं ही आपल्याकडे केवढी मोठी गोष्ट! कर्ण आपला लाडका. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' 1967 मध्ये आलं आणि घराघरांत वाचलं गेलं. कर्णाने दुर्योधनाचं मीठ राखलं हे खरंच. पण द्यूतसभेत तिसरं माणूस कोण होतं? द्रौपदी. तिने विचारलेला प्रश्न निव्वळ न्यायाचा होता: स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? त्या सभेत शहाणी माणसं काय कमी होती? पण जो तो कुणा ना कुणाच्या मिठाला बांधलेला. भीष्मांना उत्तर सापडेना. बोलला तो विकर्ण, दुर्योधनाचा स्वतःचा भाऊ, आणि त्याला गप्प बसवणारा होता आपला कर्ण. ही जागा आपण जरा भरभर वाचतो.

आता शाशाकडे वळू. शाशा 1921 साली सिसिलीतल्या राकालमूतो गावी जन्मला, तिथेच मास्तर होता. पुझो न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, आणि आपण खऱ्या गुंडाला कधी भेटलो नव्हतो, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. डॉन बोलायला लागला की मला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा, असंही तो म्हणे. म्हणूनच त्या पुस्तकात एवढी ऊब आहे. शाशाला ही चैन परवडणारी नव्हती. तो त्या लोकांच्याच गावात राहात होता.

त्याच्या कादंबरीची सुरुवात ऐका. पहाटेची वेळ, चौकात पालेर्मोला जाणारी बस सुटायच्या बेतात. कोलास्बेर्ना नावाचा माणूस धावत येतो, पायरीवर पाय ठेवतो, दोन बार होतात आणि तो कोसळतो. पोलीस येईपर्यंत बस रिकामी. उतारू एकेक करून सटकलेले. भजीवाला दोन पावलांवर उभा होता. त्याला विचारलं, गोळ्या कुणी झाडल्या? तर तो चकित होऊन उलट विचारतो, म्हणजे, गोळ्या झाडल्या का?

आपल्याला हसू येतं. पण बघा, पुझोने ज्याला कुटुंबाची आब म्हणून रंगवलं, ते मौन रस्त्यावर आल्यावर असं दिसतं. भजीवाल्याची कुणावर निष्ठा नाही. त्याला भीती आहे. आणि लांबून पाहणाऱ्याला भीती आणि निष्ठा सारख्याच दिसतात, कारण दोन्ही गप्प असतात.

कोलास्बेर्ना मारला का गेला? त्याची आणि भावांची छोटी बांधकाम संस्था होती. त्यांनी 'संरक्षण' घ्यायचं नाकारलं होतं. त्या सकाळी झाडांची छाटणी करणारा निकोलोसी नावाचा गरीब माणूस कामाला निघाला होता. त्याने पळणाऱ्या मारेकऱ्याला ओळखलं. एवढाच त्याचा गुन्हा. तो घरी परतलाच नाही. त्याने बायकोपाशी मारेकऱ्याचं टोपणनाव घेतलं होतं आणि ती बाई ते कॅप्टन बेलोदीला सांगते. सगळ्या गावात बोलणारी ती एक. पुढे काय होतं? हा खून बाईच्या भानगडीतून झाला, अशी कुजबुज पसरवली जाते आणि संशयाची सुई तिच्याकडेच वळते. शाशाने तिसऱ्या माणसाला गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवलं आहे. पुझोच्या पुस्तकात जे निकोलोसी दिसत नाहीत, ते हे.

बेलोदी हा उत्तरेकडच्या पार्मा शहरातला अधिकारी. फॅसिस्टांविरुद्ध लढलेला, कायद्यावर श्रद्धा असलेला. तो तपास करत थेट दोन मारियानो अरेना या बड्या माणसापर्यंत पोहोचतो. दोघांचा जो संवाद आहे, तो या पुस्तकाचा गाभा. दोन मारियानो माणसांच्या पाच प्रती सांगतो. खरे मर्द थोडे. मग अर्धे. मग मोठ्यांची नक्कल करणारी चिल्लीपिल्ली. मग लाचार. आणि शेवटी बदकांसारखे नुसते क्वॅक क्वॅक करणारे, ज्यांच्या जगण्याला काही अर्थच नाही. आणि मग तो बेलोदीला म्हणतो, तुम्ही मला या कागदांवर खिळे मारून ठोकलंत तरी तुम्ही मर्द आहात. बेलोदीच्या तोंडून निघून जातं, तुम्हीसुद्धा. आणि लगेच तो अस्वस्थ होतो.

ही अस्वस्थता आमच्या मते फार मोलाची आहे. समोरच्याच्या रुबाबाची भुरळ पडणं हा दोष नव्हे, ती आपल्यालाही पडते. पण डॉनच्या त्या उतरंडीत ज्यांना शेवटची पायरी दिली, ते कोण? निकोलोसी, भजीवाला, ती बाई. न्यायाचा आरंभच मुळी इथे होतो, की ही उतरंड आम्हाला मान्य नाही. बदकासारखा बोलणाराही न्यायालयात फिर्यादी म्हणून तेवढाच उंच.

बेलोदी संत नाही, हेही सांगायला हवं. संशयिताला बोलतं करण्यासाठी तो दुसऱ्याच्या नावाचा एक खोटा जबाब तयार करतो. आणि दोन मारियानोसमोर बसल्यावर त्याला एक मोठा मोह होतो. मुसोलिनीच्या काळात चेझारे मोरी नावाच्या अधिकाऱ्याने कायदा गुंडाळून ठेवून माफियावर वरवंटा फिरवला होता. तसं पुन्हा करावं का? बेलोदी तो विचार झटकतो. त्याला सुचतो तो रुक्ष मार्ग: बँकेची खाती तपासा, पैसा आला कुठून ते विचारा. 1961 साली कादंबरीत सुचलेली ही गोष्ट इटलीच्या कायद्यात यायला 1982 उजाडलं. तोवर किती निकोलोसी गेले असतील!

आणि कादंबरीचा शेवट? प्रतिष्ठित माणसं पुढे येतात, मारेकरी त्या वेळी भलतीकडेच होता अशी साक्ष देतात, खटला पत्त्यांच्या बंगल्यासारखा पडतो. बेलोदी तेव्हा रजेवर पार्म्याला आहे.

इथे आमचा तो विद्यार्थी उठून म्हणेल, "बघा सर! कायद्याने काय मिळालं? बोनासेराला निदान डॉनकडे काहीतरी मिळालं." आक्षेप खरा आहे, टाळता येणार नाही. राम गोपाल वर्मांच्या 'सरकार'ने, म्हणजे 2005 साली, 'गॉडफादर'चं ऋण उघड मान्य करून हीच गोष्ट मुंबईत आणली आणि आपल्या लोकांना ती पटकन समजली. का नाही समजणार? तारीख पे तारीख आपण भोगलेली आहे.

पण उत्तर आहे. दिएगो गांबेत्ता या अभ्यासकाने 1993 मध्ये सिसिलीच्या माफियावर पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, माफिया हा संरक्षण विकण्याचा धंदा आहे. जिथे माणसाचा माणसावर विश्वास नाही, तिथे तो चालतो. म्हणूनच तो अविश्वास टिकून राहण्यात त्याचं हित असतं. छत्र्या विकणाऱ्याला पाऊस हवा असतो, तसंच. बोनासेराचं न्यायालय कुचकामी होतं हे मान्य. पण न्यायाधीश खिशात घालण्याचा उद्योग डॉन स्वतःच करत नव्हता का? कादंबरीतच लिहिलं आहे, की डॉनची खरी ताकद म्हणजे त्याच्या पदरचे राजकारणी आणि न्यायाधीश. बोनासेराला ज्या रोगाने गाठलं, त्याचंच औषध तो त्याच दुकानातून घेऊन गेला.

शिवाय हे इमान आतल्यांना तरी पुरतं का? मायकेल बहिणीच्या मुलाचा धर्मपिता होतो आणि त्याच मुलाच्या बापाला, कार्लोला, मारतो. टेसिओ जुन्या ओळखीवर जीव मागतो, मिळत नाही. पत्नी के सरळ प्रश्न विचारते आणि मायकेल तिच्या डोळ्यांत बघून खोटं सांगतो. घराच्या भल्यासाठी उभारलेली निष्ठा शेवटी घरच खाते. वास्तवातही हेच घडलं. तोमाझो बुशेत्ता हा सिसिलीतला मोठा माफिया माणूस. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे दोन मुलगे नाहीसे केले. 1984 मध्ये तो जोवान्नी फाल्कोने या न्यायाधीशापुढे बोलला. त्याचं म्हणणं, गद्दारी मी केली नाही, संघटनेनेच आपली तत्त्वं सोडली. ती तत्त्वं कधी होती का, याबद्दल आम्हाला शंका आहे. पण त्याच्या जबान्यांमुळे पालेर्मोचा महाखटला उभा राहिला आणि डिसेंबर 1987 मध्ये तीनशेहून अधिक जणांना शिक्षा झाली. 1992 मध्ये फाल्कोने आणि पाठोपाठ त्यांचे सहकारी बोर्सेलिनो बॉम्बस्फोटात मारले गेले. या दोघांनी कुणाचं मीठ राखलं? निकोलोसींचं, असं म्हणू या.

शाशाचीही एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारी 1987 मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून माफियाविरोधातल्याच लोकांना प्रश्न विचारला, की तुम्हीही यातून आपली कारकीर्द तर घडवत नाही ना? बोर्सेलिनोंच्या नेमणुकीवरही बोट ठेवलं. ते उदाहरण चुकलं, असं आमचं मत आहे. लोक खवळले. आपल्या बाजूच्या माणसाने असं बोलावं? पण हा 'आपल्या बाजूचा' शब्द आला ना, की सावध व्हायला हवं. चांगल्या बाजूलाही टोळी व्हायला वेळ लागत नाही.

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आमचं. फार वर्षांपूर्वी आम्ही एका निवड समितीवर होतो. समितीतल्या एका जिवलग मित्राचा उमेदवार होता आणि त्याच्यापेक्षा सरस असा दुसरा एक मुलगा होता, लांबच्या गावाहून एसटीने आलेला. मित्राने नुसतं आमच्याकडे पाहिलं. त्या मित्राने आमच्या अडचणीत पुष्कळ केलं होतं. आम्ही काही बोललो नाही. कुणाचा खून झाला नाही, सगळं शांतपणे, चहा घेत झालं. तो मुलगा पुढे काय करतो, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही विचारलंही नाही. त्या दिवशी आम्ही भजीवाल्याच्या जागी उभे होतो, पण मनात स्वतःला डॉनचा इमानी माणूस समजत होतो.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आता उत्तर द्यायचं झालं तर असं देऊ: बाबा रे, डॉनचं चुकतं ते शब्द पाळण्यात नाही. त्याने शब्द कुणाला दिलाय आणि त्याची किंमत कोण भरतंय, हे विचारायची त्याच्या घरात सोय नाही, तिथे चुकतं. निष्ठा सोडा असं आम्ही म्हणत नाही. मित्र हवेत, घर हवं, मिठाला जागावंही. फक्त दोघांनी हात मिळवताना दारात एसटीने आलेला तिसरा उभा आहे का, एवढं वळून पाहावं.

शाशाचा बेलोदी शेवटी पार्म्याच्या बर्फातून घरी चालला आहे. हरलेला आहे. आणि तरी तो ठरवतो, की सिसिलीला परत जायचं, मग तिथे डोकं फुटलं तरी चालेल. त्याला तिथे कुणी बोलावलेलं नाही, आणि कुणाचं देणंही त्याच्या डोक्यावर नाही. आमच्या वाचनात आलेलं न्यायबुद्धीचं इतकं साधं चित्र दुसरं नाही.

वेळ झाली. थांबतो आम्ही. तुमचे प्रश्न असतील ते जरूर विचारा, आक्षेप आधी विचारा.